बावीस सह्यांच्या निवेदनाला उत्तर का येत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही भोसरीत राहता, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करता, आणि गेली दोन वर्षे पाच गट एकत्र आणून पुणे महानगर प्रदेशाच्या वाहतूक धोरणावर काही परिणाम घडवता येतो का, याचा प्रयत्न करत आहात. त्यात बसप्रवाशांचा गट आहे, सायकलस्वारांचा आहे, ज्येष्ठ नागरिक संघ आहे, सोसायट्यांचा महासंघ आहे आणि एक कामगार संघटना आहे. सर्वांनी मिळून अठरा मागण्यांचे निवेदन तयार केले, त्यावर बावीस पदाधिकाऱ्यांनी सह्या केल्या, ते सहा कार्यालयांत दिले, आणि उत्तर कोठूनही आले नाही. आता महामार्गावर उन्नत मार्ग, म्हणजे खांबांवरून जाणारा रस्ता, हवा की नको यावरून गटांतच बिनसले आहे. त्यामुळे तुम्ही विचारता की एकजूट कशी टिकवावी, एक दिवसाचे उपक्रम करावेत का, न्यायालयात जावे का, आणि संस्थेची नोंदणी करून घ्यावी का.

एकजूट टिकवण्याचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवतो, कारण माझ्या मते तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. तुमचे निवेदन ज्यांच्या हाती पडले त्यांपैकी कोणालाही ते वाचून एखादा निर्णय घेता येण्यासारखा नव्हता. ज्या मागणीला निर्णयकर्ता नाही आणि तारीख नाही, तिच्याभोवती जमलेल्या लोकांना आपसांत वाद घालण्याखेरीज काही काम उरत नाही. उन्नत मार्गाचा वाद हा त्या रिकामेपणातून आलेला आहे, असे मला वाटते.

मी पेशाने परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) आहे आणि सुमारे अठरा वर्षे पुण्यात फावल्या वेळात एका गटाबरोबर बसप्रवासी व पादचारी यांच्यासाठी काम करतो, त्यामुळे माझे सांगणे हिशेबाच्या बाजूने जास्त झुकलेले असेल. शिवाय ते पुण्यापुरते आहे. नाशिकमध्ये शहर बससेवा महापालिकेच्या स्वतःच्या कंपनीकडे आहे, मुंबईत बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम आहे, आणि त्या शहरांतल्या गटांना वेगळी दारे ठोठवावी लागतात. महापालिकेत निवडून आलेले सभागृह आहे की प्रशासक, यावरही पुष्कळ अवलंबून असते. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत संपल्यानंतरच्या प्रशासकीय काळात स्थायी समितीच्या सदस्याला भेटून एखादा विषय पुढे सरकवणे ही आमची जुनी वाट बंदच झाली होती, आणि सगळे काम आयुक्तांच्या दालनापुरते उरले होते.

आता भोसरी ते चाकण या एका रस्त्याकडे पाहू. पीएमपीएमएल (बोलण्यात नुसते पीएमपी) ही शहर बस चालवणारी कंपनी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवांच्या विलीनीकरणातून झाली. तिची मालकी दोन महापालिकांकडे आहे आणि वर्षाची तूट त्या ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. मोशीच्या पुढे मात्र दोन्हीपैकी एकाही महापालिकेची हद्द नाही. तेथून पुढे तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून महामार्ग प्राधिकरणाचा, आतले रस्ते एमआयडीसीचे, गाव चाकण नगरपरिषदेचे, विकास नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे म्हणजे पीएमआरडीएचे, सिग्नल आणि वाहतूक नियमन २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचे, लांब पल्ल्याच्या गाड्या एसटी महामंडळाच्या, आणि परवाने व भाडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे. या सगळ्यांचा मेळ घालण्यासाठी 'पुमटा' म्हणजे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण आहे, परंतु समन्वय करणारी संस्था आणि खर्च करणारी संस्था यांत जो फरक असतो तो येथेही आहे.

तुमच्या अठरा मागण्या या यादीवर लावून पाहा. प्रत्येक कार्यालयाला अठरा मुद्द्यांचे पत्र मिळाले, त्यांपैकी तीन-चार त्यांचे होते आणि बाकीचे दुसऱ्यांचे. अशा पत्राचे काय होते हे मी पुरेसे पाहिले आहे: लिपिक त्यावर 'उचित कार्यवाहीसाठी वर्ग' असा शेरा मारतो आणि पत्र एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहते. त्यात लिपिकाची काही चूक नसते. आम्ही सुरुवातीच्या काळात असेच तेवीस कलमी निवेदन दिले होते. ज्या कार्यालयाला दिले त्यांनी एकोणिसावे कलम उचलले, एका थांब्याच्या छताला रंग दिला, आणि 'नागरिकांच्या मागण्यांना सकारात्मक प्रतिसाद' अशी बातमी छापून आली. यादी लांब असली की त्यातली सर्वांत स्वस्त मागणी निवडण्याचा अधिकार आपण समोरच्याला देऊन बसतो, हे आम्हाला त्या रंगाच्या डब्याने शिकवले.

दुसरी गोष्ट धोरण या शब्दाची. धोरणाची कमतरता आपल्याकडे फारशी नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, असे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच म्हटले आहे. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग सुरू झाला. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. तरीही पदपथावरून खाली उतरल्याशिवाय शंभर पावले सलग चालता येतील असे रस्ते हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. लेखापालाच्या नजरेने पाहिले तर धोरण तीन ठिकाणी उतरल्यावरच खरे होते: अंदाजपत्रकातील लेखाशीर्षात (ज्या नावाखाली पैसा राखला जातो तेथे), निविदेच्या तांत्रिक तपशिलात, आणि आगाराच्या वेळापत्रकात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असली पाहिजे. आम्ही हे वाक्य भाषणात वापरत होतो तोवर काही घडले नाही. एका रस्त्याच्या निविदेचा आराखडा मागवून, त्यात विजेच्या पेटीपाशी ही वाट ०.९ मीटरवर येते असे कनिष्ठ अभियंत्याला दाखवले, तेव्हा पेटीची जागा बदलली. कोणताही ठराव झाला नाही आणि बातमीही आली नाही.

हद्दीबाहेरच्या बसचा प्रश्न तर संपूर्णपणे तुटीचा आहे, हे तुमच्या कामगार संघटनेला नीट समजावून सांगा. एसटीचा २०२१-२२ चा दीर्घ संप चालू असताना पीएमपीच्या गाड्या ग्रामीण भागात बऱ्याच धावल्या, आणि संप मिटल्यावर २०२२ च्या अखेरीस हद्दीबाहेरचे काही मार्ग पीएमपीने बंद केले. त्या गावांतल्या प्रवाशांची गरज काही एका महिन्यात नाहीशी झाली नव्हती. या फेऱ्यांचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न अनुत्तरित होता. म्हणून 'चाकणसाठी बस वाढवा' ही मागणी अपुरी आहे. 'चाकण मार्गावरील वाढीव किलोमीटरची तूट अमुक संस्थेने अमुक लेखाशीर्षातून भरावी' अशी ती लिहिली, तर समोरच्याला हो किंवा नाही म्हणावे लागते. नकार मिळाला तरी तो लेखी मिळतो, आणि पुढच्या दाराशी जाताना तोच उपयोगी पडतो.

तारखांचेही तसेच आहे. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक आहे आणि त्यासाठीच्या सूचना साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवल्या जातात. खात्यांच्या मागण्या दिवाळीच्या मागेपुढे जुळू लागतात आणि आयुक्तांचा मसुदा नव्या वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतो. बहुतेक गट अंदाजपत्रक छापून आल्यावर मार्चमध्ये निषेध नोंदवतात, म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडतात. भाडेवाढीतही हेच दिसले. पीएमपीचे भाडे २०१४ नंतर प्रथमच जून २०२५ मध्ये वाढले. पहिल्या पाच किलोमीटरचा टप्पा १० रुपयांचा झाला आणि दिवसभराचा पास ७० रुपयांचा. त्यासाठी आधी कंपनीच्या संचालक मंडळाची आणि मग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागली. बहुतेक विरोध नवे दर जाहीर झाल्यावर, म्हणजे दोन्ही दारे बंद झाल्यानंतर सुरू झाला. पासाची किंमत सुट्या तिकिटापेक्षा कमी वेगाने वाढावी, अशी साधी आणि पटण्यासारखी सूचना मान्य होण्याची खरी वेळ संचालक मंडळापुढे प्रस्ताव जाण्याच्या आधी होती.

विकास आराखड्याच्या बाबतीत कायदाच तारीख देतो: प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला, त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, आणि पुढे २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. ज्या गटांनी 'या आराखड्याला आमचा विरोध आहे' एवढेच लिहिले होते, त्यांच्या हाती आज काहीही नाही. ज्यांनी आपल्या गावच्या रस्त्यांची मोजमापे, बसथांब्यांच्या जागा आणि पदपथाचे छेद काढून हरकत नोंदवली होती, त्यांची फाईल पुढच्या आराखड्यालाही तशीच लागू पडते. म्हणून ज्या कामावर स्वयंसेवकांचे शनिवार-रविवार खर्च करायचे, ते काम एका सरकारी कागदाबरोबर मरणार नाही असे असावे.

आता मागणी कशी निवडावी, याकडे येतो. येथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण बहुतेक गट येथेच घाई करतात. 'बस वाढवा' म्हटले की अधिकारी 'ताफा कमी आहे' म्हणतो, आणि ते खरेही असते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवास्तर निकषांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही वरची पायरी मानली आहे आणि आपण तिच्यापासून बरेच खाली आहोत. परंतु हे वाक्य उच्चारले की चर्चा राज्य आणि केंद्राच्या अनुदानावर जाते आणि तुमच्या थांब्यावरची स्थिती आहे तशीच राहते. मी तुमच्या जागी असतो तर आधी महिनाभर थांब्यावर उभा राहून मोजणी केली असती.

त्यामागचे कारण असे. समजा एका मार्गावर तासाला चार बस आहेत. त्या दर पंधरा मिनिटांनी आल्या तर वेळ न पाहता थांब्यावर येणाऱ्या प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच चार बस दोन-दोनच्या जोडीने अर्ध्या अर्ध्या तासाने आल्या तर हे थांबणे पंधरा मिनिटांचे होते. आगाराच्या नोंदवहीत दोन्ही वेळा चार फेऱ्या पूर्ण झालेल्या असतात, किलोमीटर तेवढेच असतात, खर्चही तेवढाच असतो. जोड्या का तयार होतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. पुढची बस सिग्नलला अडकून थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, आणि मागून येणारीला कमी प्रवासी मिळाल्यामुळे ती हलकी होऊन तिला गाठते. मग पुढची बस दाराला लोंबकळणारी माणसे घेऊन जाते आणि मागची अर्धी रिकामी. यावर उपाय नव्या गाड्यांचा नाही. शेवटच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाने घड्याळाऐवजी दोन गाड्यांमधले अंतर पाहून बस सोडावी, एवढाच पहिला उपाय आहे, आणि तो अंदाजपत्रकात पैसा न मागता करून पाहता येतो. तुमच्या मार्गावर हेच होत असेल असे मी म्हणत नाही, कारण तेथे फेऱ्या मुळातच कमी असण्याची शक्यता आहे. ते मोजल्यावर कळेल, आणि त्यानुसार मागणी वेगळी होईल.

मोजणीची पद्धत अगदी साधी ठेवा. तीन थांबे निवडा, प्रत्येक ठिकाणी दोन माणसे, मंगळवार ते गुरुवार, कामगारांच्या पाळ्या बदलतात त्या वेळा. बस आल्याची वेळ, मार्ग क्रमांक, गाडीचा क्रमांक, किती माणसे चढू शकली नाहीत, एवढेच रकाने पुरेत. जास्त रकाने ठेवले की तिसऱ्या दिवशी कोणी भरत नाही. पहिला दिवस सरावाचा धरा आणि तो हिशेबात घेऊ नका. त्याच काळातील मंजूर फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणे माहिती अधिकारात मागवा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. नकला मागण्यापेक्षा अभिलेख तपासणीची मागणी केली तर पुष्कळदा काम लवकर होते, कारण समोर बसून नोंदवही पाहताना कोणती माहिती मुळात ठेवलीच जात नाही, हेही कळते.

या कामाचा आणखी एक फायदा तुमच्या मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे. सकाळी साडेपाचला थांब्यावर बसून चिकाटीने नोंद ठेवण्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या सदस्यांचा हात कोणी धरू शकत नाही, आणि पायरी किती उंच आहे हे त्यांना सांगावे लागत नाही. पाळ्यांच्या नेमक्या वेळा आणि कोणत्या कंपनीची स्वतःची बस आहे, हे कामगार संघटनेला माहीत असते. थांब्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता सायकलस्वार रोज पाहतात. सोसायट्यांच्या महासंघाकडे सभागृह, छपाई आणि घरोघर पोहोचणारी यंत्रणा असते. विचार जुळवण्यासाठी घेतलेल्या बैठकांतून जे झाले नाही ते एकत्र मोजणी केल्यावर झाल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

मोजणीचे निष्कर्ष आधी अधिकाऱ्याला दाखवा आणि आठ-दहा दिवस द्या, वर्तमानपत्राला नंतर. हा सल्ला काही जणांना मिळमिळीत वाटतो. आम्ही एकदा उलटे केले होते. बातमी छापून आली, आणि दुसऱ्या दिवशी संबंधित कार्यालयाने दाखवून दिले की ज्या फेऱ्या आम्ही 'आल्याच नाहीत' म्हणून धरल्या त्या अलीकडच्या स्थानकापर्यंतच्या, म्हणजे अर्ध्या मार्गाच्या होत्या. चूक आमचीच होती. त्यानंतर सहा महिने आमच्या कोणत्याही आकड्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

येथवरचे थोडक्यात पुन्हा सांगतो: प्रत्येक मागणीचा मालक शोधा, ती त्याच्या खर्चाच्या भाषेत लिहा, निर्णयाच्या तारखेआधी पोहोचा, आणि पहिली मागणी अशी निवडा की जिच्यासाठी तुमच्याकडे तुम्ही स्वतः केलेली मोजणी असेल.

आता उन्नत मार्गाचा वाद. सोसायट्यांच्या महासंघाला तो हवा आहे, सायकलस्वारांना नको आहे, आणि दोघांनाही आपली भूमिका सोडावीशी वाटणार नाही. सोडायला सांगूही नका. माझ्या अनुभवात टिकलेल्या प्रत्येक आघाडीत एक लेखी समजूत होती की कोणत्या विषयांवर आघाडी म्हणून आपण काहीही बोलणार नाही. त्या विषयांवर प्रत्येक गटाने आपापल्या नावाने खुशाल बोलावे, फक्त आघाडीचे नाव आणि बोधचिन्ह वापरू नये, आणि पत्रकाराने विचारले तर 'या विषयावर आघाडीची भूमिका नाही' एवढेच सांगावे. बोलायच्या विषयांची यादी सगळेच करतात. न बोलायच्या विषयांची यादी करण्यासाठी एक पूर्ण संध्याकाळ ठेवा, चहा-पोहे ठेवा, आणि ती कागदावर उतरवून सर्वांच्या सह्या घ्या. तुमच्या बावीस सह्यांचा खरा उपयोग तेथे आहे. ही समजूत दर वेळी साधतेच असेही नाही. ज्या दिवशी उन्नत मार्गासाठी थांबे हलवण्याचा प्रस्ताव येईल, त्या दिवशी तो बसप्रवाशांचाही विषय होईल आणि मौन पाळणे अशक्य होईल. तेव्हा एखादा गट बाहेर पडला तर त्याला सन्मानाने जाऊ द्या. पुढच्या विषयाला तो परत येतो.

आघाड्या मोडण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण मतभेद नसून श्रेय आहे, हे मी जरा स्पष्टच लिहितो. पत्रकात कोणाचे नाव आधी, छायाचित्रात मध्ये कोण, अधिकाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले, यावरून चांगली माणसे कायमची दुरावलेली मी पाहिली आहेत. आमच्याकडे त्यावर काढलेला तोडगा हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे: संस्थांची नावे अकारविल्हे, दर पत्राला एक नाव खाली सरकते, आणि जो शिष्टमंडळात बोलतो तो त्या दिवशी बातमीदारांशी बोलत नाही. पक्षाचे कार्यकर्ते असलेले सदस्य असू द्यावेत, फक्त निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी आघाडीच्या वतीने निवेदन देऊ नये.

कागदाची शिस्त हा नीरस विषय आहे, तरी तो टाळता येत नाही. प्रत्येक पत्राची पोच आवक क्रमांकासह घ्या. भेट झाली की त्याच दिवशी 'आजच्या चर्चेत ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून तीन ओळींचे पत्र पाठवा, कारण सभेचे इतिवृत्त तुम्हाला बहुधा मिळणार नाही आणि तुमचे पत्र हेच त्याचे इतिवृत्त ठरेल. अधिकारी बदलतात. पीएमपीत तुकाराम मुंढे मार्च २०१७ मध्ये अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून आले आणि वर्ष पुरे होण्याआधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्यांची बदली झाली. त्यांच्या निर्णयांविषयी पुण्यात आजही दोन मते आहेत, पण सांगायचे ते एवढेच की वरच्या खुर्चीवरील माणसाला पटवून मिळवलेले आश्वासन त्या माणसाबरोबर जाते. आगार व्यवस्थापक, वाहतूक विभागातील वेळापत्रक करणारे, कनिष्ठ अभियंता, ही माणसे त्या मानाने जास्त काळ टिकतात. आधी त्यांना भेटा आणि वरच्या साहेबांना भेटताना त्यांना अडचणीत आणणारे काही बोलू नका. चालक-वाहकांशीही बोला. कोणत्या फेरीला वेळ पुरत नाही, कोठे गाडी वळवायला जागा नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यांना ते कोणी विचारलेले नसते.

एक दिवसाच्या उपक्रमांविषयी तुम्ही विचारले आहे म्हणून थोडेसे. १ नोव्हेंबर २०१० रोजी पुण्यात मोठा 'बस डे' झाला, एका दिवसासाठी रस्त्यावर जास्त बस आल्या आणि लोकांचा उत्साहही खरा होता. असे दिवस लोकांना कल्पना पटवून देतात. दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक त्यांनी बदलत नाही. वर्षातून एखादा करावा, पण मोजणीसाठी लागणारी माणसे त्यात खर्ची घालू नयेत. तुमच्याकडे नोकरी करणारे पंधरा-वीस स्वयंसेवक आहेत, प्रत्येकाचे आठवड्याला दोन तास धरले तरी महिन्याला सुमारे एकशे वीस ते एकशे साठ तास होतात, आणि सहा कार्यालयांच्या चकरा त्यात बसत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी एक किंवा फार तर दोन कार्यालये निवडा. माझी निवड पीएमपी आणि पीएमआरडीए अशी असती, कारण तुमच्या मार्गावर सेवा एकाची आणि हद्द दुसऱ्याची आहे.

न्यायालयाचे म्हणाल तर जनहित याचिका हा मार्ग आहे, पण तुमच्याकडे अजून लेखी नकारही नाही, आणि आधी संबंधितांकडे दाद मागितली होती का, हा प्रश्न तेथे पहिल्यांदा विचारला जातो. शिवाय प्रकरण दाखल झाले की 'बाब न्यायप्रविष्ट आहे' या एका वाक्याने कार्यालयातले संभाषण थांबते. रस्त्यावर जीव जात असतील तर गोष्ट वेगळी. फेऱ्यांच्या वेळापत्रकासाठी मी न्यायालयात जाणार नाही.

नोंदणीची घाई करू नका. संस्था नोंदवली की घटना, निवडणूक, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडील बदल अर्ज हे सगळे मागे लागते, आणि ते काम करणारी माणसे तीच असतात जी एरवी थांब्यावर उभी राहिली असती. माहिती अधिकाराचा अर्ज कायद्याने नागरिकाला करता येतो, त्यामुळे तो तसाही एखाद्या सदस्याच्या नावानेच करावा लागेल. हरकती-सूचना देण्यासाठी किंवा अधिकाऱ्याला भेटण्यासाठी नोंदणी क्रमांक लागत नाही. देणगी घ्यायची वेळ आली आणि पाच गटांपैकी कोणाच्याही खात्यात ती ठेवायला बाकीचे तयार झाले नाहीत, तर त्या दिवशी या प्रश्नाकडे पुन्हा पाहा. तोवर मोजणीचे तक्ते, आवक क्रमांकांची वही आणि माहिती अधिकारातील उत्तरे एका ठिकाणी, कोणा एकाच्या घरातल्या कपाटात नव्हे तर किमान दोन गटांकडे प्रतींसह राहतील, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. आमच्या पहिल्या सहा वर्षांचे कागद एका सदस्याच्या घरबदलीत रद्दीत गेले, आणि ते पुन्हा मिळवायला आम्हाला आमच्याच पत्रांच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्या लागल्या.